पावती पाच किलोची, पिशवीत चार: एका रेशन दुकानाचं प्रकरण

पार्श्वभूमी

मराठवाड्यातलं एक कोरडवाहू गाव. रेशन दुकान एकच, त्याला जोडलेली २४० कार्डं. त्यांतली ३० अंत्योदयची पिवळी, उरलेली २१० प्राधान्य कुटुंबांची केशरी. या २१० कार्डांवर मिळून ९४० युनिट, म्हणजे ९४० माणसं. (गाव ओळखू येऊ नये म्हणून आकडे थोडे हलवून गोल केले आहेत. नियम आणि हिशेबाची रीत जशीच्या तशी आहे.)

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ प्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला कार्डामागे ३५ किलो धान्य मिळायला हवं. आधी तांदूळ ३ रुपये आणि गहू २ रुपये किलो होता. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य फुकट झालं. चोरीची रीतही तेव्हाच बदलली, ही गोष्ट बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. पूर्वी जास्त पैसे घेणं आणि काटा मारणं अशा दोन वाटा होत्या. आता पहिली बंद झाली आणि सगळा भार दुसरीवर आला. पैसे द्यायचे नाहीत म्हणून पावती मागायची सवयही मोडली. “फुकटचं तर आहे, त्यात काय मोजायचं?” हे वाक्य दुकानदाराच्या तोंडी तर होतंच, पण रांगेतल्या बायकांच्या तोंडीही होतं.

वाटप ई-पॉस मशीनवर होतं. कार्डाचा १२ अंकी नंबर टाकायचा, घरातल्या कुणीतरी अंगठा द्यायचा, तो आधारशी जुळला की मशीन मंजूर धान्याची पावती काढतं. मशीन आल्यावर भुताटकीची, म्हणजे नसलेल्या माणसांच्या नावांची कार्डं बरीच कमी झाली, हे खरं. पण मशीनला कळतो फक्त अंगठा. पिशवीत किती पडलं हे त्याला कळत नाही.

अडचण नेमकी काय होती

गावात पाच युनिटच्या कार्डाला २५ ऐवजी २० किलो मिळत होतं, आणि अंत्योदयला ३५ ऐवजी ३०. पावती कुणाच्या हातात पडत नव्हती. “रोल संपला” हे ठरलेलं उत्तर. शिवाय “नेट आज आहे, धान्य परवा येईल” असं सांगून अंगठे आधी घेतले जात. एकदा अंगठा पडला की कागदावर धान्य मिळालेलं असतं. पुढची सगळी भांडणं इथेच अडकतात: अंगठा हा गरिबाने आपल्याच विरुद्ध दिलेला पुरावा ठरतो.

गावातल्या एका महिला बचत गटाने हा विषय हातात घेतला. त्यांनी आधी एक साधा हिशेब कागदावर मांडला. ९४० युनिटमागे एक-एक किलो म्हणजे ९४० किलो. तीस अंत्योदय कार्डांमागे पाच-पाच किलो म्हणजे १५०. एकूण १,०९० किलो, जवळपास ११ क्विंटल, दर महिन्याला. बाजारात किलोला २२ रुपये धरले तरी हे २४ हजारांच्या घरात जातं.

याच कागदाच्या दुसऱ्या बाजूला दुकानदाराची रीतसर कमाई लिहिली. महिन्याचं वाटप ४,७०० अधिक १,०५०, म्हणजे ५,७५० किलो किंवा साडेसत्तावन्न क्विंटल. क्विंटलला तेव्हा १५० रुपये मार्जिन, म्हणजे ८,६२५ रुपये. त्यातून जागा, वीज, हाताखालचा माणूस. मार्जिनची रक्कमही वेळेवर जमा होत नाही. चोरी माफ करावी असं याने ठरत नाही, पण दुकानदार बदलल्यावर चोरी का थांबत नाही याचं उत्तर इथे मिळतं.

“वरूनच कमी येतं” या म्हणण्याची तपासणी

हे कारण सगळीकडे दिलं जातं आणि ते पूर्ण खोटं नसतं. म्हणून ते हसण्यावारी नेण्याऐवजी गटाने मोजून पाहिलं. ५,७५० किलो म्हणजे ५० किलोचे ११५ कट्टे. रिकाम्या तागाच्या कट्ट्याचं वजन साधारण ५८० ग्रॅम. गोदामात कट्ट्यासकट वजन धरलं तर ११५ कट्ट्यांमागे दुकानदाराचे सुमारे ६७ किलो जातात. त्यावर कट्ट्यामागे दोन किलो कमी येतं हे त्याचं म्हणणंही जसंच्या तसं मान्य करू: २३० किलो. दोन्ही मिळून २९७.

तूट होती १,०९० किलोची. दुकानदाराच्या बाजूने सगळं मोजूनही सुमारे ७९३ किलोचा मेळ लागत नव्हता. पुढे प्रत्येक बैठकीत हाच एक आकडा कामाला आला, कारण त्यावर “तुम्हाला आमच्या अडचणी माहीत नाहीत” असं म्हणता येईना.

लोक गप्प का होते

भीती हे अर्धंच उत्तर. दुकानदाराचंच गावात किराणा दुकान होतं आणि पावसाळ्यात निम्म्या घरांची उधारी त्याच्याकडे चालायची. तक्रार केली तर उधारी बंद, हे कुणी बोलून दाखवायची गरज नव्हती.

दुसरं कारण कुणी उघड सांगत नाही. ग्रामीण भागात प्राधान्य कार्डासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ४४ हजार रुपये आहे. गावातली काही घरं आता तिच्या वर गेलेली होती आणि कार्ड मात्र चालू होतं. कुणाचं काय, हे दुकानदाराला तोंडपाठ. अशा घरांनी माणशी चार किलो मुकाट्याने घेतले. गावात बोलकी, लिहिता-वाचता येणारी माणसं बहुतेक याच घरांत होती. त्यामुळे ज्यांच्याकडून आवाज उठेल असं वाटत होतं, ती आधीच बांधली गेलेली होती. गटाने पहिल्याच बैठकीत ठरवलं की कुणाचं कार्ड योग्य आणि कुणाचं नाही हा विषय या कामात काढायचा नाही. या निर्णयावर पुढे टीका झाली. तो घेतला नसता तर मात्र दुसऱ्या बैठकीला कुणी आलं नसतं.

समोर असलेले पर्याय

दुकानदाराशी बोलून पाहणं. हे झालं होतं. दोन महिने नीट वजन, मग पुन्हा तेच.

१९६७ या हेल्पलाइनवर तक्रार. नोंद होते, नंबर मिळतो. पण तक्रार फिरून त्याच पुरवठा निरीक्षकाकडे येते आणि “अंगठे जुळतात, वाटप पूर्ण” असं उत्तर जातं. पुराव्याशिवाय ही वाट वाया.

लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, १०६४. काही तरुणांचा आग्रह होता की सापळाच लावू. सापळा लागतो लोकसेवकाने लाच मागितल्यावर. इथे कुणी काही मागत नव्हतं, धान्य कापलं जात होतं. निरीक्षकाला हप्ता जातो अशी बोलवा होती, पण बोलवा म्हणजे पुरावा नव्हे. हा पर्याय सोडला आणि अर्जांत हप्त्याचा उल्लेखही टाळला. तो केला असता तर सगळी चौकशी त्या एका शब्दावर गेली असती.

वैध मापन शास्त्र विभागाकडे काट्याची तक्रार. ही जवळजवळ दाखल होणार होती. एका सदस्येने एक-एक किलोचे मिठाचे पाच बंद पुडे दुकानाच्या काट्यावर ठेवून पाहिले आणि काट्याने बरोबर पाच किलो दाखवले. तसंही काटा खोटा असता तर सगळ्यांचा सारखा टक्का गेला असता. इथे प्राधान्य कार्डाचे २० टक्के जात होते आणि अंत्योदयचे १४. काटा खरा होता. माणूस कमी मोजत होता. ही तक्रार झाली असती तर “काटा प्रमाणित” असा शिक्क्याचा कागद दुकानदाराच्याच हातात पडला असता.

उरला लांबचा रस्ता: आधी मोजायचं, मग सरकारी कागद काढायचे, दोन्ही ग्रामसभेत समोरासमोर ठेवायचे. राजस्थानात १९९४ पासून मजूर किसान शक्ती संघटनेने जनसुनवाईत हजेरीपटांचं असंच जाहीर वाचन केलं होतं. अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम २८ मध्ये सामाजिक अंकेक्षणाची, म्हणजे लोकांसमोर हिशेब तपासण्याची तरतूदही आहे.

प्रत्यक्ष काय केलं

पहिल्या महिन्याची मोजणी फसली. २७ घरांनी धान्य घरी नेऊन दुसऱ्या दिवशी तोललं. कुणाचा स्प्रिंगचा काटा, कुणी आदल्या रात्रीच भात लावलेला, कुणी गहू गिरणीत दिलेला. वापरता येतील अशा नोंदी निघाल्या ११. शिवाय बातमी फुटली होती आणि “मोजणाऱ्या” घरांना दुकानदाराने भरभरून दिलं.

दुसऱ्या महिन्यात रीत बदलली. दुकानापासून हाकेच्या अंतरावर एका ओट्यावर एकच इलेक्ट्रॉनिक काटा ठेवला, दर तासाला मिठाच्या पुड्यांनी तपासला. पिशवी दुकानातून थेट ओट्यावर. वहीत पाच रकाने: तारीख, कार्डाचे शेवटचे चार अंक, युनिट, भरलेलं वजन, सही किंवा अंगठा. आधार नंबर कुणाचाही लिहिला नाही. कोण मोजणार हे आधी जाहीर केलं नाही, येईल त्याला विचारलं.

६४ घरांनी मोजू दिलं. ५२ प्राधान्य कार्डांपैकी ४७ जणांना युनिटमागे चार किलो मिळाले होते, इकडे-तिकडे शंभर-दोनशे ग्रॅम. पाच जणांना पूर्ण मिळालं, त्यांतली तीन घरं दुकानदाराच्या भावकीतली. अंत्योदयच्या १२ पैकी ११ जणांना ३० किलो, एकाला ३२.

पावत्या नव्हत्या, पण त्यांची गरजही उरली नाही. कार्डाचा नंबर आणि महिना टाकला की कोणत्या तारखेला किती धान्य “दिलं” हे ई-पॉसच्या सरकारी संकेतस्थळावर कुणालाही दिसतं. गटातल्या एका मुलीने ६४ कार्डांच्या नोंदी काढून वहीशेजारी उतरवल्या. गहू किती आणि तांदूळ किती हे प्रमाण मधूनमधून बदलतं आणि त्या गोंधळाआड बरंच लपतं, म्हणून फक्त एकूण किलो धरले.

याच शोधात एक घातक चूक होता होता टळली. ऊसतोडीला गेलेल्या १४ कुटुंबांच्या नावावर उचल दिसली. तरुणांना वाटलं, सापडला! पण रेशन कार्ड आता कुठल्याही दुकानात चालतं. नोंदीतला दुकान क्रमांक पाहिल्यावर कळलं की ९ कुटुंबांनी साखर कारखान्याच्या भागातल्या दुकानांतून स्वतःच धान्य उचललं होतं. दोघांचे म्हातारे आईवडील गावातच होते. उरली तीन. १४ नावं छातीठोकपणे दिली असती, तर ११ खोटी ठरून सगळी तक्रारच खोटी पडली असती. तीनच दिली आणि तिन्ही टिकली.

कागद काढताना

माहिती अधिकाराचा पहिला अर्ज परत आला. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. या अर्जात नियतन (दुकानाला मंजूर झालेलं धान्य), साठा रजिस्टर, तपासणी अहवाल आणि दुकानावर देखरेख ठेवणाऱ्या दक्षता समितीची इतिवृत्तं असं सगळं एकत्र मागितलं होतं. महिना गेला. मग दोन अर्ज केले, प्रत्येकी १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. एकात तीन महिन्यांचं नियतन, पोहोच चलनं आणि साठा रजिस्टर. दुसऱ्यात तपासणी आणि दक्षता समितीचे कागद. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, म्हणून कलम १९(१) खाली पहिलं अपील. त्यानंतर कागद आले.

तपासणीचे तीन अहवाल शब्दशः सारखे होते, फक्त तारीख वेगळी. दक्षता समितीच्या इतिवृत्तावर एका सदस्येची झोकदार सही होती. त्या बाईंना सही येत नाही, त्या अंगठा लावतात. आपण समितीवर आहोत हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

निर्णयाची जागा: मागायचं काय

सगळ्यात जास्त वाद इथे झाला. “परवाना रद्द करा” ही मागणी तोंडावर येते. पण दुकान निलंबित झालं की कार्डं शेजारच्या गावाच्या दुकानाला जोडली जातात, आणि ते ७ किलोमीटरवर. धान्य खांद्यावर, अंगठा जुळला नाही तर दुसरी खेप. शिक्षा दुकानदाराला आणि पायपीट विधवांना.

शेवटी तहसीलदारांकडच्या अर्जात चार गोष्टी मागितल्या: साठ्याचा प्रत्यक्ष पंचनामा, अनामत जप्ती, वसुली, आणि वाटप गावातच राहील अशी सोय. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला. तीच प्रत जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्यांना अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम १५ खाली दिली. ही दुसरी प्रत अनेकजण विसरतात. तहसीलदारांवर दबाव आला तो या प्रतीमुळे.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत चावडीवाचन, म्हणजे नोंदींचं जाहीर वाचन ठरलं. गणपूर्ती झाली नाही आणि सभा तहकूब झाली. शंभर माणसंही जमली नाहीत. मात्र तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, म्हणून पुढच्या तारखेला वाचन झालं. नाव न घेता कार्डाचे शेवटचे चार अंक, संकेतस्थळावरचे किलो, वहीतले किलो. चाळीसेक कार्डं होईपर्यंत बायका स्वतःच उठून आपले अंक सांगायला लागल्या. ज्यांनी मोजू दिलं नव्हतं त्याही.

परिणाम

पंचनाम्यात मशीनवरची शिल्लक आणि दुकानातली शिल्लक जुळली नाही. पुरवठा खात्याने अनामत जप्त केली आणि मागितलेलं नसतानाही दुकान तीन महिन्यांसाठी निलंबित केलं. भीती होती तेच झालं. पहिल्या महिन्यात ३० पैकी १० अंत्योदय घरांनी धान्यच उचललं नाही. जोडलेल्या दुकानदाराने महिन्यातले दोन दिवस गावात येऊन वाटप करावं यासाठी गटाला पुन्हा अर्ज, पुन्हा खेटे. ते दुसऱ्या महिन्यात सुरू झालं.

सातव्या आठवड्यात दुकानदाराने उपायुक्तांकडून (पुरवठा) स्थगिती आणली आणि दुकान पुन्हा उघडलं. मात्र आता दारात दोन बायका बसतात आणि आधी तोलायचं, मग अंगठा द्यायचा, असा ग्रामसभेचा ठराव भिंतीवर लावलेला आहे. अशा ठरावाची दुकानदारावर कायद्याने सक्ती होत नाही. तो चालतो तो त्या दोघींमुळे. युनिटमागे पाच किलो मिळू लागले.

मागचं बुडालेलं धान्य परत मिळालं नाही. धान्य न मिळाल्यास अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ८ खाली अन्नसुरक्षा भत्ता मागता येतो, पण अंगठ्याच्या नोंदींप्रमाणे ते “मिळालेलं” होतं.

दुकान बचत गटानेच चालवावं, असं खात्याकडून सुचवण्यात आलं. गटाने ८,६२५ चा कागद पुन्हा काढला, जागेचं भाडं आणि दोघींचा रोज वजा केला, आणि नकार दिला. “आम्ही घेतलं तर वर्षभरात आम्हालाही काटा मारावा लागेल,” असं अध्यक्षबाई म्हणाल्या. काहींना हा पळपुटेपणा वाटला. हिशेब पाहता तो तसा नव्हता.

वेगळं काय करता आलं असतं

आधी तोल, मग अंगठा, ही सवय मोजणीच्या आधीच लावायला हवी होती. तिला ना अर्ज लागतो ना पुरावा, आणि भत्त्याचा हक्कही शाबूत राहिला असता. गटाने ती सर्वांत शेवटी केली.

गावातल्या वाटपाची मागणी अर्जात चौथी होती. ती पहिली हवी होती, आणि निलंबन झाल्यास कोणत्या दिवशी कुठे वाटप होईल याचा कच्चा आराखडाही सोबत जोडायला हवा होता. अधिकाऱ्यापुढे तयार कागद असला की तो सही करतो. मोघम “सोय करावी” असं लिहिलेलं पुढच्या टेबलावर जातं.

केंद्राने २०२१ मध्ये नियमांत दुरुस्ती करून ई-पॉस मशीन थेट इलेक्ट्रॉनिक काट्याला जोडायला राज्यांना प्रोत्साहन दिलं. काट्यावर वजन आल्याशिवाय व्यवहार पुरा होत नाही, अशी ही जोडणी. या दुकानासाठी ती कुणी मागितलीच नाही. तिच्यातही पळवाट आहे, काट्यावर एक भरलेला कट्टा ठेवून दिवसभर अंगठे घेता येतात, पण दारात दोन बायका बसलेल्या असताना ते जमणार नाही.

गोदामाकडची बाजू तर तशीच राहिली. चलनावर कट्ट्यांची संख्या आहे, दुकानात उतरताना केलेल्या वजनाची नोंद नाही. गोदामातून दुकानाच्या दारापर्यंत येणारी द्वारपोच गाडी उतरताना दहा कट्टे जरी तोलले असते तरी ते २९७ किलो खरे की खोटे हे कळलं असतं. दुकानदार आता माणशी पाच किलो देतो, पण कार्डामागे २० रुपये “हमाली” घेतो. वाहतूक सरकारी खर्चाने होत असल्याने ही वसुली बेकायदा आहे. विचारलं की तो पुन्हा गोदामाकडेच बोट दाखवतो. गाडी रात्री दहानंतर येते आणि त्या वेळी कट्टे मोजायला अजून कुणी गेलेलं नाही.